विकलं, पण किल्ली खिशातच

गेल्या महिन्यात आम्हा छपाईवाल्यांच्या बैठकीत कागदाच्या भावावर बोलायचं ठरलं होतं. बोलणं झालं ते ॲक्टिव्हेशनवर, म्हणजे विकत घेतलेलं सॉफ्टवेअर चालवायला कंपनीची जी परवानगी लागते तिच्यावर. निमित्त असं की एका दोस्ताच्या संगणकाचा मदरबोर्ड वीज गेली-आली त्यात उडाला. नवा बसवला. हार्ड डिस्क शाबूत, फाइली शाबूत, फक्त पानं लावायचं सॉफ्टवेअर उघडेना. त्याच्या लेखी हा कुणी तिसराच संगणक होता, आणि परवानगी होती दोनांची. त्या दोनांतला एक तीन वर्षांपूर्वीच भंगारात गेलाय, हे सांगायचं कुणाला? कंपनीला ईमेल केला, तक्रारीचा नंबर आला, तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी काय केलं ते त्याने मान खाली घालून सांगितलं : रीतसर पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरवर क्रॅक, म्हणजे कुलूप फोडणारा चोरटा प्रोग्रॅम, मारला. बिल फाइलला लावलेलं, आणि संगणकात चोरीची किल्ली.

लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, चोर आहेत म्हणून कुलपं आहेत. आपण वर्षानुवर्षं फुकट वापरलं, आता कंपन्या शहाण्या झाल्या तर बोंब कशाला? दुसरा तट म्हणाला, या कंपन्या लुटारूच आहेत, पैसे भरणारा तो मूर्ख, सरळ क्रॅकच वापरा. तासभर हेच चाललं. कोण जास्त चोर, एवढाच मुद्दा. पण त्या दोस्ताचं काय चुकलं होतं? त्याने तर पैसे भरले होते. चोर विरुद्ध लुटारू या वादात त्याच्यासाठी जागाच नव्हती, आणि माझ्या मते खरा प्रश्न त्याचाच आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कुलूप लावायचा हक्क सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला आहे. पण माल विकल्यानंतरही किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, वाटेल तितकी वर्षं, आणि त्या किल्लीसोबत कसलीही जबाबदारी घ्यायची नाही, हे न्याय्य नाही. ॲक्टिव्हेशन आज ज्या रूपात आहे ते नेमकं हेच आहे.

समोरच्यांची बाजू हलकी करून मांडण्यात अर्थ नाही, कारण ती हलकी नाही. बिल गेट्स यांनी १९७६ साली संगणकाच्या हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहिलं, ते याच तक्रारीचं : आमचं बेसिक (प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) तुम्ही सगळे वापरता, विकत घेणारे मात्र मूठभर, मग कुणी चांगलं सॉफ्टवेअर लिहायचं तरी कशासाठी? या प्रश्नाला आजही चोख उत्तर नाही. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सच्या अंदाजानुसार भारतात २००४ साली वापरात असलेल्या सॉफ्टवेअरपैकी ७४ टक्के बिनपरवाना होतं, २०१७ साली ५६ टक्के. हे आकडे कंपन्यांच्याच संघटनेचे, म्हणून थोडे जपूनच घ्या. पण मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात ज्याने चोरट्या सीडी घेतल्यात त्याला आकड्यांची गरजही नाही. आणि यात मोठ्या कंपनीचं काय बिघडतं, हे म्हणणं सोपं असलं तरी मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांचं काय? अक्षर न् अक्षर, जोडाक्षर न् जोडाक्षर काढायचं, रफाराची आणि वेलांटीची जागा बसवायची, आणि एका डीटीपी सेंटरने, म्हणजे संगणकावर पानं लावून देणाऱ्या दुकानाने, विकत घेतलं की गल्लीतल्या दहा सेंटरांत तेच. इतक्या लहान बाजारात कुलपाशिवाय धंदा करून दाखवा, असं त्यांनी आम्हाला म्हटलं असतं तर आमच्यापैकी कुणाकडे उत्तर होतं?

त्यांनी कुलूप लावलं, आणि ते आम्हाला चांगलंच आठवतं. ‘लॉक’ म्हणायचो आम्ही त्याला. काडेपेटीएवढा तुकडा, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचायचा, स्क्रू पिळायचे, आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची केबल लावायची. लॉक हललं की मराठी अक्षरं गायब. रात्री घरी जाताना काही मालक लॉक काढून खिशात टाकायचे. ऑपरेटरने बाहेरची कामं करू नयेत म्हणून. सेंटर बंद करताना लोक संगणक विकायचे तसं लॉकही वेगळं विकायचे, आणि त्याला भाव यायचा. त्या काळात लॉकला शिव्या घातल्या नाहीत असा डीटीपीवाला सापडणार नाही. मीही घातल्या. पण आज मागे वळून पाहताना वाटतं, ते कुलूप ॲक्टिव्हेशनपेक्षा जास्त प्रामाणिक होतं. किल्ली माझ्या हातात होती. मदरबोर्ड बदलला तर नव्या मदरबोर्डाला तेच लॉक लावायचं. कंपनीला विचारावं लागत नव्हतं, इंटरनेट लागत नव्हतं, कंपनी उद्या बंद पडली तरी लॉकला त्याचा पत्ता नव्हता. माझ्या खणात असलं एक लॉक अजून आहे. ते लावायला पोर्ट असलेला संगणकच आता माझ्याकडे नाही, हा भाग वेगळा.

ॲक्टिव्हेशनने हा व्यवहार उलटा केला. सॉफ्टवेअर तुमच्या संगणकाच्या भागांवरून एक ओळखखूण बनवतं, ती कंपनीच्या सर्व्हरला कळवतं, आणि सर्व्हर हो म्हणाला तरच कामाला लागतं. २००१ सालच्या विंडोज एक्सपीपासून हे घराघरात आलं : तीस दिवसांची मुदत, रॅम, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड अशा दहा गोष्टींची नोंद, त्यातल्या ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बदलल्या की पुन्हा परवानगी. इंटरनेट नसेल तर फोन लावायचा आणि पन्नासेक आकडे वाचून दाखवायचे. ज्या देशात निम्मे संगणक असेंबल केलेले, आज रॅम वाढव, उद्या कार्ड बदल असे चालायचे, तिथे हा नियम कुणाला जाचणार होता? विकत घेणाऱ्यालाच. कारण चोराचं काम आधीच झालं होतं : मोठ्या कंपन्यांसाठीची, ॲक्टिव्हेशन न लागणारी एक किल्ली (प्रॉडक्ट की), एक्सपी बाजारात येण्याच्या कित्येक आठवडे आधीच फुटली आणि जगभर फिरली. पुढे सर्व्हिस पॅकमध्ये, म्हणजे दुरुस्त्यांच्या संचात, ती अडवली, तोवर दुसऱ्या निघाल्या. ज्याने सीडी तीस रुपयांना घेतली त्याला एकदाही फोन लावावा लागला नाही.

आता यावर कुणी म्हणेल, मुंबईत मेट्रोच्या स्टेशनातही गेट असतं, तिकीट दाखवल्याशिवाय ते उघडत नाही. त्यात कुणाला अपमान वाटत नाही, मग इथेच कशाला? दाखला चांगला आहे, म्हणून तो पुरता तपासू. मेट्रोचं गेट प्रवासापुरतं असतं. उतरलो की आमचा संबंध संपला. रात्री अकरा वाजता घरी येऊन कुणी विचारत नाही की सकाळचं तिकीट खरं होतं ना. गेट बिघडलं तर ते हाताने उघडून देणारा माणूस तिथेच उभा असतो. शिवाय त्याच मुंबईत लोकल आहे. तिला गेटच नाही. रोज लाखो माणसं उघड्या फलाटावरून चढतात, अधूनमधून टीसी भेटतो, पकडला तर दंड, आणि पासवाल्या सज्जनाला महिन्यातून एकदाही खिशात हात घालावा लागत नाही. फुकटे आहेतच. पण फुकट्यांना धरायचं म्हणून पासवाल्याला डब्यातून उतरवायचं, असं रेल्वेला अजून तरी सुचलेलं नाही.

गैरसोय झाली तरी ती क्वचित, असा पुढचा युक्तिवाद असतो. क्वचितच असते, मान्य. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचा खरे-खोटे तपासणारा सर्व्हर जवळजवळ एकोणीस तास बिघडला आणि पैसे भरलेल्यांच्या विंडोजवर नकलीचा शिक्का बसला. कंपनी म्हणाली, बारा हजारांपेक्षा कमीच संगणक. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुन्हा सर्व्हर चुकला आणि विंडोज १०ची प्रो आवृत्ती घेतलेल्यांना सांगण्यात आलं की तुमचा परवाना होमचा आहे. दोन्ही वेळा दुरुस्ती झाली. जगभरच्या कोट्यवधी संगणकांत हे नगण्य. माझा आक्षेप संख्येला नाहीच. चूक सर्व्हरची असताना संशयाचा फायदा कुणाला द्यायचा, हे यंत्र बनवताना कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि ते गिऱ्हाइकाच्या विरोधात ठरवलेलं असतं. सर्व्हरला काही समजेनासं झालं तर सॉफ्टवेअर चालू ठेवा, असंही लिहिता आलंच असतं ना?

आणि हे वाद आज पहिल्यांदा होतायत असंही नाही. १९८०च्या दशकात फ्लॉपीवरच्या सॉफ्टवेअरला अशीच कुलपं होती. मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातल्याशिवाय लोटस १-२-३ हे हिशेबाच्या तक्त्यांचं सॉफ्टवेअर उघडत नसे, आणि ती फ्लॉपी खराब झाली की पैसे पाण्यात. ऑफिसांनी इतकी कटकट केली की दशक संपेपर्यंत मोठ्या कंपन्यांनी ही कुलपं एकामागून एक काढली. त्याच काळात बोरलँड कंपनी टर्बो पास्कल हे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर ५० डॉलरच्या आत, बिनकुलपाचं विकत होती, आणि परवान्यात लिहीत होती की हे पुस्तकासारखं वापरा : कुणालाही द्या, कुठल्याही संगणकावर चालवा, फक्त एका वेळी दोघांनी दोन ठिकाणी वाचू नका. कंपनी काही बुडाली नाही. उलट याच मालावर उभी राहिली. २००३ साली अमेरिकेत इन्ट्यूट कंपनीने आयकर भरायच्या टर्बोटॅक्स सॉफ्टवेअरला ॲक्टिव्हेशन लावून पाहिलं, गिऱ्हाइकं खवळली, आणि मे महिन्यात कंपनीने ते काढत असल्याचं जाहीर केलं. स्पर्धा होती म्हणून काढलं, हे लक्षात घ्या. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत होतं.

जिथे ते जाऊ शकत नाही तिथली गोष्ट निराळी. १९७६ चं पत्र लिहिणाऱ्या गेट्स यांनीच १९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात चीनबद्दल बोलताना म्हटलं होतं की चोरायचंच असेल तर आमचं चोरा, सवय लागेल, पैसे कसे वसूल करायचे ते पुढच्या दहा वर्षांत पाहू. तीनच वर्षांनी, २००१ ला, ॲक्टिव्हेशन घेऊन एक्सपी आली. याचा अर्थ चोरी योग्य ठरते असा मी काढत नाही. पण ज्या ढिलाईने बाजार ताब्यात आला तिच्याच नावाने पुढे कुलूप घट्ट करायचं, आणि वर नीतीचे धडे द्यायचे, हे पचायला जड जातं.

बिनपरवाना सॉफ्टवेअरचा ७४ वरून ५६ टक्क्यांवर आलेला आकडा ॲक्टिव्हेशनची कमाई आहे का? थोडीफार असेलही. मात्र त्याच काळात असेंबल केलेल्या पीसीची जागा लॅपटॉपने घेतली, आणि लॅपटॉपमध्ये विंडोज आधीच भरून, किमतीत धरून येऊ लागली. चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांवर छापे पडू लागले. गिऱ्हाइकाला खरा माल परवडेल अशा रीतीने समोर आला की तो घेतो, याचा अनुभव आपल्याकडे आहे. सीडी बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने २००७ साली चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्या, तेव्हा फुटपाथवरच्या चोरट्या सीडीशी पहिल्यांदाच कुणी भावात भिडलं. ती कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली, हेही सांगायला हवं. स्वस्त विकणं हा काही रामबाण नाही. आणि कुलूप लावूनही माणसाला दार पूर्ण बंद न करण्याची उदाहरणं आहेत. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली घ्या. परवाना नसेल तर ती शैक्षणिक मोडमध्ये चालते. नोंद करायची तर महिन्याची १, २ किंवा शेवटची तारीखच टाकता येते. या अटीत दुकानाचा हिशेब ठेवता येत नाही, पण कॉमर्सच्या पोरांना शिकता येतं. कुलूप कसं असावं याचा विचार करणारा माणूस तिथे कुणीतरी बसला होता.

आता त्या खिशातल्या किल्लीचं दुसरं अंग. एकदा किल्ली कंपनीच्या हातात राहिली की ती चोरी रोखण्यापुरतीच वापरली जाईल याची हमी कोण देणार? ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे फोटोशॉपवाल्या अडोबी कंपनीने व्हेनेझुएलातली सगळी खाती बंद करत असल्याचं कळवलं. तिथल्या डिझायनरांनी काय चोरलं होतं? काहीच नाही. महिनाअखेरीस अमेरिकी सरकारकडून परवानगी मिळाली म्हणून ते वाचले. हे लांबचं वाटत असेल तर जुलै २०२५ आठवा. युरोपीय संघाने निर्बंध घातले आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीची ईमेलसकट मायक्रोसॉफ्टची सेवा बंद झाली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. गुजरातेत वाडीनारला एवढी मोठी रिफायनरी चालवणाऱ्या कंपनीकडे कोर्टात जायला वकील होते. आमच्या दोस्ताकडे तक्रारीचा नंबर होता. नायराचं प्रकरण ॲक्टिव्हेशनचं नव्हे, सेवेचं आहे, असं कुणी म्हणेल तर बरोबर आहे. पण बटण तेच, आणि ते दुसऱ्याच्या टेबलावर.

कंपनी स्वतःच कंटाळली तर? जुन्या आवृत्तीचा सर्व्हर कायम चालू ठेवायला पैसे लागतात, आणि नवी विकायची असताना जुनीवर कोण खर्च करणार? युबीसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि लोकांनी विकत घेतलेला गेम एका दिवसात निकामी झाला. गेमचं ठीक, पण माझ्याकडे पंचवीस वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकांच्या फाइली आहेत. त्या युनिकोडात, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाहीत. जुन्या सॉफ्टवेअरशिवाय आणि जुन्या फॉन्टशिवाय त्या उघडल्या तर नुसती निरर्थक चिन्हं दिसतात. एका पिढीचं मराठी लेखन अशा फाइलींत पडून आहे. ते उघडायचं की नाही, हे कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरच्या आयुष्यावर ठरावं का? आणि करायचं म्हटलं तर करता येतं. अडोबीनेच २०१३ च्या सुमारास क्रिएटिव्ह सूट २ या आपल्या जुन्या सॉफ्टवेअर-संचाचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला, तेव्हा ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती आणि सीरियल नंबर जुन्या गिऱ्हाइकांसाठी ठेवले. फुकट्यांनीही ती उतरवून घेतली म्हणून गाजावाजा झाला, पण पैसे भरलेला माणूस रस्त्यावर आला नाही. हे त्या वेळी मनाचा मोठेपणा म्हणून केलं. ते कर्तव्य असायला हवं होतं.

कायदा काय म्हणतो? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. त्याच कायद्याचं कलम ५२ मात्र कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती वापरण्यासाठी आणि नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप प्रत काढायची मोकळीक देतं. आणि कुलूप फोडण्याबद्दलचं कलम ६५अ, जे २०१२ साली आलं, ते हक्कभंगाचा हेतू पाहतं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर विकत घेणारा माणूस होता. ॲक्टिव्हेशनच्या कोडमध्ये तो दिसत नाही. बॅकअप प्रत काढा की हवी तेवढी, सर्व्हरने नाही म्हटल्यावर तिचं करायचं काय? परदेशातही न्यायालयांचं एकमत नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसातून आलेली ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची जुनी पाकिटं ईबे या संकेतस्थळावर विकणाऱ्या टिमथी व्हर्नरला २०१० साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सांगितलं की ती मुळात विकलेलीच नव्हती, वापरायला दिली होती. दोनच वर्षांनी युरोपीय न्यायालयाने ऑरेकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात उलटं सांगितलं : कायमचा परवाना पैसे घेऊन दिला म्हणजे विकला, आणि विकला म्हणजे गिऱ्हाइकाने तो पुढे विकायलाही हरकत नाही.

विकलं की वापरायला दिलं, हा घोळ मुंबईकराला नवा नाही. आपल्याकडे पागडी आहे. पैसे जवळजवळ मालकीचे मोजायचे, राहायचं भाडेकरू म्हणून, आणि खोली दुसऱ्याला द्यायची तर घरमालकाची संमती घ्यायची, त्याचा वाटा त्याला द्यायचा. कायमच्या परवान्यावर ॲक्टिव्हेशन बसवलं की हुबेहूब हेच होतं. फरक एवढाच की पागडीवाल्या भाडेकरूच्या पाठीशी भाडेनियंत्रण कायदा उभा आहे. घरमालकाला वाटलं म्हणून तो सकाळी उठून कुलूप बदलू शकत नाही. सॉफ्टवेअरचा घरमालक मात्र कुलूप बदलू शकतो. म्हणूनच मला दरमहा वर्गणीचं सॉफ्टवेअर आवडत नसलं तरी ते जास्त सरळ वाटतं : भाडं आहे, भाडंच म्हणतात, थांबवलं की निघायचं. कॅलिफोर्नियात २०२५ पासून डिजिटल माल ‘विकत घ्या’ म्हणून देताना तो फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. निदान पाटी तरी खरी लागली.

मग कुलूप लावायचंच असेल तर? एकदाच तपासा, बसवताना. जुना संगणक मेला तर त्याची जागा मोकळी करायचं बटण माझ्या हातात द्या, ईमेलची वाट पाहायला लावू नका. सर्व्हर बोलला नाही तर सॉफ्टवेअर चालू राहू द्या. आणि विकतानाच लिहून द्या की सर्व्हर बंद कराल त्या दिवशी बिनकुलपाची प्रत द्याल. यात चोराला नवी सोय एकही नाही. जी आहे ती त्याला आधीपासूनच आहे. कंपन्या हे आपणहून करणार नाहीत, हे दिसतंच आहे. त्यामुळे हे ग्राहक कायद्यात यावं, आणि सरकारने स्वतःच्या खरेदीच्या अटींत तर उद्याच घालावं. तलाठी कार्यालयापासून विद्यापीठापर्यंत एवढं सॉफ्टवेअर घेणाऱ्या गिऱ्हाइकाने अट घातली तर ती न ऐकणारी कंपनी मला पाहायची आहे.

कागदाच्या भावाचं बोलणं त्या दिवशी राहूनच गेलं. दोस्ताला कंपनीचं उत्तर नवव्या दिवशी आलं; एक ॲक्टिव्हेशन मोकळं करून दिलंय, म्हणे, आणि सेवा कशी वाटली ते पाच ताऱ्यांत कळवा. मी फोनवर विचारलं, मग क्रॅक काढलास की नाही? म्हणाला, ‘काढतो की. हे पुस्तक जाऊ दे प्रेसला.’